अर्ध्या एचपीची मोटर आणि चार फुटांचा धबधबा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागांतील घरांच्या परसात छोटी कुंडे आणि त्यांवर दगड रचून केलेले धबधबे बरेच दिसू लागले आहेत. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडणाऱ्या आपल्या गावात संध्याकाळी अंगणात पाण्याचा आवाज असावा, ही इच्छा मला अगदी मनापासून पटते. मी स्वतःही सहा वर्षांपूर्वी असे एक कुंड बांधून घेतले. परंतु या कुंडांसाठी जी पाणबुडी मोटर घेतली जाते ती पुष्कळदा चुकीची निघते, आणि ही चूक दुकानाच्या काउंटरवर पहिल्याच प्रश्नात होते. गिऱ्हाईक विचारते, "किती एचपीची घेऊ?" दुकानदार सांगतो, "अर्ध्याची न्या, कुठे अडणार नाही." हा प्रश्नच बदलायला हवा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एका टॉवेलच्या कारखान्यात मी ३१ वर्षे देखभालीचे काम केले आणि रंगखात्यातील लहानमोठे पंप रोज माझ्या हाताखालून गेले. तरीही स्वतःच्या कुंडाच्या वेळी मीही तोच प्रश्न विचारला, तेच उत्तर ऐकले आणि अर्ध्या एचपीची, विहिरीत आडवी टाकतात तशी ओपनवेल मोटर घरी आणली. पहिल्या दिवशी बटण दाबले तेव्हा पाणी दगडावरून उतरण्याऐवजी समोरच्या तुळशीवृंदावनापर्यंत उडाले. मग व्हॉल्व्ह आवळत आवळत मी ते आटोक्यात आणले, आणि दोन उन्हाळे ती मोटर तशीच गळा आवळलेल्या अवस्थेत चालवली. त्या दोन उन्हाळ्यांत जे शिकलो ते इतरांना शिकावे लागू नये, असे वाटते.

विचारायचा प्रश्न असा आहे : मला इतक्या उंचीवर ताशी इतके लिटर पाणी हवे आहे, ते कोणती मोटर देईल? यातली दोन्ही माहिती घरच्या घरी, टेप आणि बादली घेऊन काढता येते. माझे कुंड आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि दोन फूट खोल, म्हणजे ८० घनफुटांचे आहे. एका घनफुटात २८.३ लिटर पाणी मावते, त्या हिशेबाने त्यात सुमारे सव्वादोन हजार लिटर पाणी आहे. मासे असलेल्या कुंडातील सगळे पाणी एक ते दोन तासांत एकदा फिरून यावे असा रूढ नियम आहे. म्हणजे माशांच्या आणि पाण्याच्या आरोग्यासाठी मला ताशी अकराशे ते सव्वादोन हजार लिटर पुरतात. धबधब्याचे गणित मात्र कुंडाच्या आकारावर चालत नाही, ते पाणी जिथून पडते त्या दगडाच्या ओठाच्या रुंदीवर चालते. ओठ जितके सेंटिमीटर रुंद, त्याच्या दीडशे पट लिटर ताशी मिळाले की पाण्याचा सलग पडदा पडतो. त्याच्या निम्मे मिळाले तर पाणी दगडाला चिकटून झिरपत उतरते, आणि काही जणांना तेच अधिक आवडते. माझ्या दगडाचा ओठ २० सेंटिमीटरचा, म्हणून मला सलग पडद्यासाठी ताशी ३००० लिटर हवेत.

ताशी ३००० लिटर म्हणजे डोळ्यांना कसे दिसते, हे मोटर घेण्याआधीच पाहता येते. पंधरा लिटरची बादली भरून घ्यावी, ती धबधब्याच्या माथ्यावर धरावी आणि घड्याळाकडे पाहत बरोबर अठरा सेकंदांत एकसारखी रिकामी करावी. तोच ३००० लिटरांचा प्रवाह. बारा सेकंदांत ओतली तर तो ४५०० लिटरांचा होतो. घरातल्या सगळ्यांना अंगणात उभे करून हे दोन-तीनदा करून पाहावे. पाणी किती पडलेले बरे वाटते, आवाज किती हवा, शिंतोडे कुठवर जातात, हे कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा या बादलीतून अधिक नीट कळते. आमच्या घरी यावर दोन मते पडली आणि मग ओठावर हात ठेवून तो थोडा अरुंद करून पुन्हा बादली ओतली, तेव्हा एकमत झाले.

आता उंची. इथे बऱ्याच जणांचा समज असा असतो की मोटर जितकी खोल तितकी उंची जास्त मोजायची. तसे नाही. मोटर पाण्याखाली एक फुटावर असो वा तीन फुटांवर, बाहेरचे पाणी तिला तेवढाच आधार देत असते. म्हणून उंची कुंडातील पाण्याच्या पातळीपासून धबधब्याच्या माथ्यापर्यंत मोजायची. माझ्याकडे ती चार फूट, म्हणजे साधारण १.२ मीटर आहे. तिच्यात पाइपमधील घर्षणाची भर घालावी लागते, आणि खरी फसगत तिथेच होते. ताशी ३००० लिटर पाणी पाच मीटर लांबीच्या एक इंची पाइपमधून नेताना घर्षणात सुमारे पाऊण मीटर हेड, म्हणजे तेवढी उंची चढण्याचे बळ, खर्च होते. तेच पाणी अर्ध्या इंची पाइपमधून न्यायचे म्हटले तर फक्त घर्षणापोटी वीस मीटरच्या आसपास हेड लागते. तीन-चार मीटर हेडची मोटर तिथे तो प्रवाह देऊच शकत नाही, आणि दोष मात्र मोटरच्या माथी जातो. पाइपचा आतील व्यास दुप्पट झाला की त्याच प्रवाहाचे घर्षण साधारण तिसाव्या हिश्शावर येते. म्हणून मोटरचे तोंड अर्ध्या किंवा पाऊण इंचाचे असले तरी पुढे लगेच रिड्युसर (दोन मापांचे पाइप जोडणारा तुकडा) लावून पाइप एक किंवा सव्वा इंची घ्यावा, आणि काटकोनी एल्बोंऐवजी लांब बाकाचे बेंड वापरावेत. पाइपावर वाचवलेले शे-दीडशे रुपये पुढे दर महिन्याच्या वीजबिलात भरावे लागतात.

खोक्यावर छापलेल्या आकड्यांविषयीही सावध राहिले पाहिजे. लहान मोटरींच्या खोक्यावर बहुधा दोनच आकडे असतात, कमाल हेड आणि कमाल डिस्चार्ज. 'कमाल हेड ३ मीटर, कमाल डिस्चार्ज ३००० लिटर' असे वाचून तीन मीटरवर तीन हजार लिटर मिळतील, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात हे दोन आकडे एका वेळी कधीच खरे नसतात. कमाल हेड म्हणजे ज्या उंचीवर पाणी पोहोचून थांबते, एक थेंबही बाहेर पडत नाही ती उंची. कमाल डिस्चार्ज म्हणजे काहीही उंची नसताना, पाइपही न लावता मिळणारे पाणी. या दोन टोकांच्या मध्ये जसजसे हेड वाढते तसतसे पाणी कमी होत जाते, आणि कमाल हेडच्या निम्म्यावर कमाल डिस्चार्जच्या साधारण निम्मे पाणी मिळेल असा ढोबळ अंदाज धरावा. मला घर्षणासह दोन मीटरवर ३००० लिटर हवेत, म्हणजे मी कमाल हेड चार मीटर आणि कमाल डिस्चार्ज सहा हजार लिटर असलेली मोटर शोधायला हवी. आयएसआय चिन्हाच्या ओपनवेल मोटरींसाठी भारतीय मानक १४२२० आहे आणि बोअरच्या मोटरींसाठी मानक ८०३४; त्यांच्या पाटीवर कोणत्या हेडला किती डिस्चार्ज आणि मोटर कोणत्या हेडच्या मर्यादेत चालवायची हे लिहिलेले असते. ती पाटी वाचण्याची सवय आपल्याकडे शेतकऱ्याला आहे, परसातल्या कुंडवाल्याला नाही.

आता अर्ध्या एचपीकडे येतो. ताशी ३००० लिटर पाणी दोन मीटर उचलायला प्रत्यक्ष लागणारी शक्ती जेमतेम १६-१७ वॅट आहे. लहान पंपांची कार्यक्षमता कमी असते हे धरूनही ६०-८० वॅटची मोटर हे काम करते. अर्धा एचपी म्हणजे ३७३ वॅट, आणि तेही मोटरच्या दांड्यावर मिळणारे. मीटरवर ती साडेपाचशे-सहाशे वॅट ओढते. शिवाय ती मोटर विहिरीतून पाणी वर चढवण्यासाठी बनवलेली असते. तिला चार फुटांवर मोकळी सोडली की ती नेमून दिलेल्यापेक्षा अधिक पाणी ओढू लागते, मोटरवरचा भार वाढतो, अँपिअर चढतात आणि वाइंडिंग तापते. माझ्यासारखा व्हॉल्व्ह आवळला तर मोटर वाचते, पण उरलेली सगळी शक्ती व्हॉल्व्हशी झगडण्यात जाते. ती शक्ती उष्णता होऊन पाण्यातच उतरते. सहाशे वॅटची मोटर दहा तास चालली तर सव्वादोन हजार लिटर पाणी दोन अंशांहून अधिक तापेल एवढी उष्णता ती देते. सोलापूरच्या मे महिन्यात आधीच कोमट झालेल्या कुंडाला आपण खालून चूल लावतो आहोत, हे माझ्या ध्यानात यायला दोन वर्षे लागली.

दुसऱ्या टोकाला कुलरची मोटर आहे. ती स्वस्त मिळते, घरात पडून असते, आणि कुंडात टाकून द्यायचा मोह होतो. पाच-सहा फुटांच्या कमाल हेडची ही मोटर कुलरमध्ये आपले काम चोख करते, पण चार फुटांच्या धबधब्यावर तिचे पाणी करंगळीएवढे होते. शिवाय तिची वायर बहुधा एवढी आखूड असते की जोड पाण्याच्या काठावर किंवा पाण्यातच येतो. त्या जोडाविषयी मला जे सांगायचे आहे ते जरा सविस्तर सांगतो, कारण या पत्रातील बाकी सर्व पैशांचा आणि सोयीचा प्रश्न आहे, हा तसा नाही.

तिसऱ्या वर्षी, ओपनवेल मोटर काढल्यावर, मी काही दिवस एक कुलरची मोटर बसवली होती. वायर पुरत नव्हती म्हणून जोड दिला, त्यावर टेप गुंडाळला, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधली आणि तो दगडामागे ठेवला. आठवडाभराने माझी सात वर्षांची नात माशांना दाणे टाकायला गेली आणि हात झटकत परत आली. "आबा, पाणी चावतंय," असे ती म्हणाली. मी तिला मुंगी चावली असेल असे म्हणणारच होतो, तेवढ्यात तिने दुसऱ्या हाताने कुंडाकडे बोट दाखवले आणि मला जागच्या जागी घाम फुटला. मेन स्विच बंद करून दगड उचलला तेव्हा पिशवीत पाणी भरलेले होते आणि टेप सुटून तांब्याची तार उघडी पडली होती. त्या दिवशी तिच्या पायांत रबरी चप्पल होती. तीस वर्षे विजेत हात घालून काम केलेल्या माणसाच्या घरात हे घडले, म्हणून मी ते लपवून ठेवू इच्छित नाही.

यानंतर मी जे केले ते प्रत्येक कुंडवाल्याने मोटर घेण्याच्या आधी करावे, असे माझे कळकळीचे सांगणे आहे. कुंडाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरला पडणारा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवावा, ज्याला आपले वायरमन अजूनही ईएलसीबी म्हणतात. घरात एमसीबी (जादा भार आला की पडणारा स्विच) आहे, तो पडेलच, या भरवशावर कोणी राहू नये. एमसीबी कित्येक अँपिअर वाहिल्याशिवाय पडत नाही, आणि माणसाचा जीव काही दशांश अँपिअरच्याही आत जाऊ शकतो. अर्थिंग खरोखर जमिनीत पोचले आहे का, ते तपासून घ्यावे. मोटर घेतानाच दहा मीटर अखंड वायरची मागावी, म्हणजे जोड द्यावा लागणार नाही. प्लग भिंतीवर, पावसापासून झाकलेल्या पेटीत असावा, आणि वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळातून खाली पडेल, प्लगमध्ये शिरणार नाही. मोटर वायरीला धरून कधीही उचलू नये, दोरी बांधावी. आणि कुंडात हात घालण्यापूर्वी नुसते बटण बंद न करता प्लग काढावा. लहान मुले असलेल्या घरात बारा किंवा चोवीस व्होल्टची मोटर आणि तिचा ट्रान्सफॉर्मर घराच्या आत, ही व्यवस्था मला सर्वांत निर्धास्त वाटते, थोडी महाग पडली तरी.

मासे असतील तर मोटर आतून कशी आहे हेही विचारावे. काही मोटरींच्या आत तेल भरलेले असते. सील झिजले की ते तेल पाण्यात येते, सकाळी पृष्ठभागावर इंद्रधनुष्यी तवंग दिसतो आणि मासे वर येऊन तोंड उघडे टाकतात. कुंडासाठी बनवलेल्या लहान मोटरींत चुंबकाचा रोटर चिनी मातीच्या दांड्यावर फिरतो, तेल नसते, सील नसते, आणि पुढचे झाकण हाताने काढून इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारा पात्यांचा भाग, धुता येतो. आपल्याकडे कुंडात बोअरचे जड पाणी असते, त्याचा पांढरा थर या इम्पेलरवर आणि दांड्यावर बसतो; मग मोटर गुरगुरते आणि पाणी कमी होते. किराणा दुकानातील लिंबूसत्त्व कोमट पाण्यात घालून त्यात हे भाग अर्धा तास बुडवून ठेवले की थर सुटतो. मोटर तळावर न ठेवता दोन विटांवर ठेवावी आणि तोंडाला स्पंजाची जाळी लावावी, एवढ्याने गाळाचा निम्मा त्रास संपतो.

मोटर केव्हा चालवायची, हा प्रश्न निवडीच्या वेळीच विचारात घ्यावा लागतो. आपण कुंड संध्याकाळी पाहुण्यांसाठी चालू करतो आणि झोपताना बंद करतो. माशांची गरज याच्या नेमकी उलट असते. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर पस्तीस अंशांच्या पाण्यात जेमतेम ७. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती त्यात भर घालतात, पण रात्री त्याही प्राणवायू घेऊ लागतात, त्यामुळे पहाटे चार-पाचच्या सुमारास कुंडात तो सर्वांत कमी असतो. उन्हाळ्यात सकाळी मेलेले मासे दिसतात आणि घरचे म्हणतात, रात्री तर चांगले होते. त्याचे एक मोठे कारण हे आहे. म्हणून मी एका मोठ्या मोटरीऐवजी दोन मोटरी ठेवल्या. एक २५ वॅटची, जी अहोरात्र चालून पाणी फिरवते आणि एका लहानशा दगडावरून पातळ धार सोडते. तिला महिन्याला १८ युनिट लागतात. दुसरी ८० वॅटची, धबधब्याची, संध्याकाळी तीन तास. तिला सात युनिट लागतात. पूर्वीची अर्ध्या एचपीची मोटर रोज फक्त तीन तास चालून महिन्याला ५४ युनिट खात होती आणि रात्री माशांना तिचा काहीच उपयोग नव्हता. तीच अहोरात्र चालवली असती तर सव्वाचारशेहून अधिक युनिट झाले असते. शंभर युनिटांनंतर दराचा टप्पा बदलतो, हे लक्षात घेतले तर फरक आणखी वाढतो.

नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात धबधबे कशाला, असा आक्षेप काही वाचक घेतील, आणि तो रास्त आहे. धबधब्याचे पाणी फिरून तेच येते, तरी ते काही अंशी हवेत जाते आणि शिंतोड्यांनी बाहेर पडते. मे महिन्यात माझ्या कुंडाची पातळी दिवसाला बोटाच्या पेराएवढी खाली जाते. यावर माझे उत्तर एवढेच आहे की कुंड उथळ आणि पसरट न करता खोल करावे, त्यावर दुपारची सावली असावी, धबधबा दुपारी बंद ठेवावा, आणि भर घालायला उजनीचे नळाचे पाणी न वापरता छतावरचे साठवलेले पाणी वापरावे. ज्या वर्षी टंचाई असेल त्या वर्षी मी मोठी मोटर काढून ठेवतो, छोटीच चालवतो. पातळी उतरल्यावर मोटर कोरडी फिरू लागली तर ती काही वेळातच जळते, म्हणून पाणी कमी होताच मोटर बंद करणारा फ्लोट स्विच आपल्या हवामानात जवळजवळ सक्तीचा मानावा. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास होतात ही भीतीही खरी आहे. पाणी हलते ठेवावे, आणि कोपऱ्यांत जिथे ते हलत नाही तिथल्या अळ्यांसाठी गप्पी मासे सोडावेत.

शहरातील इलेक्ट्रिकल आणि पंपांच्या दुकानदारांना आपल्या दैनिकामार्फत माझी एक विनंती आहे. आता उन्हाळी माल भरायला सुरुवात होईल. ज्या मोटरी कुंडासाठी म्हणून विकायला ठेवाल, त्यांचा अर्धा, एक, दीड, दोन, तीन मीटरवर ताशी किती लिटर हा तक्ता कंपनीकडून मागून घ्यावा आणि गिऱ्हाइकाला दिसेल असा काउंटरवर लावावा. ज्या कंपनीकडे असा तक्ताच नाही, तिची मोटर कुंडासाठी म्हणून विकू नये. गिऱ्हाइकानेही दुकानात जाताना एका कागदावर कुंडाची लांबी, रुंदी, खोली, दगडाच्या ओठाची रुंदी, पाण्यापासून माथ्यापर्यंतची उंची, पाइपची लांबी आणि मासे आहेत की नाहीत, एवढे लिहून न्यावे. माझ्या शेजाऱ्यांनी गेल्या महिन्यात असा कागद नेला, तेव्हा दुकानातील मुलाने अर्ध्या एचपीचे खोके परत फळीवर ठेवले आणि ६० वॅटची मोटर काढून दिली. ती त्यांच्या अडीच फुटांच्या धबधब्यावर व्यवस्थित चालू आहे.

कळावे,
आपला नियमित वाचक,
जुळे सोलापूर